गोठणगावातली दुपार

आज गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत गेलो होतो. १९७२ साली वसलेल्या या वस्तीतली तरुण पिढी इथेच जन्मली, इथल्याच धानाच्या बांध्यांवर वाढली, आणि एकोप्याविषयी तिचे म्हणणे आपल्या भाषणांतल्या बंधुभावापेक्षा (मीही अशी भाषणे ठोकली आहेत) बरेच रोखठोक आहे. थुक्पाचा (तिबेटी शेवयांच्या सूपचा) वाडगा पुढे सरकवत एक मुलगी म्हणाली, "धान आमचाही त्याच पावसावर पिकतो जी, पण कागद मागितला का आम्ही परके होतो." तिच्या पाकिटात परदेशी नागरिक म्हणून दिलेले नोंदणी प्रमाणपत्र होते, घडीवर झिजलेले, चिकटपट्टीने सांधलेले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, म्हणून कायद्याच्या लेखी हे निर्वासित परदेशीच; त्यामुळे शेजारपण कितीही मुरलेले असले तरी या प्रमाणपत्राचे नूतनीकरण वेळोवेळी करावेच लागते.

गोठणगावातल्या एका मुलाची तक्रार मात्र निराळीच होती: हिवाळ्यात तिबेटी कुटुंबे स्वेटर विकायला शहरांकडे निघाली, की फुटबॉलला अकरा जण जमत नाहीत आणि गोलरक्षक तर मिळतच नाही.