अंदमानात फोटो काढायचे तर घड्याळ पाहा

कापूस विकून अंदमानला निघालेल्या गाववाल्यांसाठी. तिथं डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो, त्यामुळे हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) बेटावरच्या राधानगर किनाऱ्यावर चारलाच पोहोचा. हा किनारा पश्चिमेकडचा. सकाळचा उजेड हवा तर पूर्वेचा कालापत्थर.

नील (आताचं शहीद द्वीप) बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल मात्र ओहोटीतच गाठता येतो. भरतीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. प्रवाळाचे खडक शेवाळानं निसरडे, कडा ब्लेडसारख्या. स्लिपर चालत नाही, मागून पट्टा असलेली सँडल घाला.

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, अर्धा तास पिशवीतच राहू द्या. लेन्सवर खारं पाणी उडालं तर आधी गोड्या पाण्यानं ओलसर फडकं, मग कोरडं. सुकलेलं मीठ घासलं की काच खरवडते.