पिपवरून यूव्हीवर: वेगाचं सगळे सांगतात, खासगी इंडेक्सचं कोणी सांगत नाही

पायथनची पॅकेजं बसवणारं नेहमीचं साधन म्हणजे पिप, आणि त्याची जागा घेणारं नवं साधन म्हणजे यूव्ही. यूव्हीवर गेलेल्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. भन्नाट वेगवान आहे, पिपच्या कमांडआधी फक्त 'यूव्ही' लिहायचं, बाकी काही बदलावं लागत नाही. वेगाचं म्हणणं खरं आहे. 'बाकी काही बदलावं लागत नाही' हे मात्र डोळे झाकून मानलंत, तर जिथे ऑफिसची स्वतःची पॅकेजं खासगी इंडेक्सवरून (म्हणजे पॅकेजं उतरवून घ्यायच्या आतल्या ठिकाणावरून) येतात तिथे नाकी नऊ येतील. माझे आले. म्हणून हा वृत्तांत बराचसा त्या एका टप्प्याचाच आहे.

निघताना जवळ नेहमीचंच सामान होतं: पायथनच्या आवृत्त्यांसाठी पायएन्व्ह, त्यावर व्हेन्व्ह, पिप आणि रिक्वायरमेंट्सच्या फाइली, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या याद्या. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय आणि पाथमध्ये आधी काय सापडतं हे तुम्हाला माहीत आहे, असं धरून लिहितोय. माहीत नसेल तर आधी ते पक्कं करा.

पायथन बसवणं हा भाग इतका सोपा की त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. पायएन्व्ह पायथन सोर्समधून बांधतं. मशीनवर एखादी हेडर फाइल नसली की बांधणी वरवर पूर्ण होते आणि मग सीटाइप्स हे मॉड्यूल इंपोर्ट करताना रडते. यूव्ही आधीच बांधलेलं पायथन उतरवून घेतं, काही सेकंदांत काम संपतं. पायएन्व्हला मी त्याच संध्याकाळी निरोप दिला आणि मागे वळून पाहिलं नाही.

पहिला खड्डा लगेच पुढे. यूव्हीने बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतं. बोटांना सवय 'पिप इन्स्टॉल'ची, एन्व्हायर्नमेंट चालू, कमांड बिनबोभाट पूर्ण होते, आणि पॅकेज जातं भलत्याच पायथनमध्ये, कारण पाथवर पुढे जे पिप सापडलं तेच चाललं. मग 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणून डोकं धरायचं. एन्व्हायर्नमेंट बनवताना 'सीड' हा पर्याय दिला तर पिप मिळतं, पण तो देऊ नका. सवयच मोडा.

आता घाट. सर्वत्र फिरणारा 'आधी यूव्ही लिहा' हा सल्ला फेब्रुवारी 2024 मधल्या पहिल्या प्रकाशनापासूनचा आहे. तेव्हा यूव्ही म्हणजे मुख्यतः पिपची जागा घेणारं साधन होतं. प्रोजेक्ट, सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी एकच लॉक फाइल (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती हे पक्कं टिपणारी), पायथन बसवणं हे सगळं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. पण इंडेक्सच्या बाबतीत तो सल्ला पहिल्या दिवशीही अर्धवटच होता. पिपची कॉन्फ फाइल यूव्ही वाचत नाही. पिपसाठी ठेवलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही वाचत नाही. म्हणजे ऑफिसच्या इंडेक्सचा पत्ता तुम्ही वर्षानुवर्षं जिथे ठेवला आहे, तिथे हे साधन डोकावतच नाही. आतली पॅकेजं सापडत नाहीत, आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या देत बसता.

पत्ता नव्या जागी दिला की पुढचं वळण येतं, आणि ते जास्त वाईट आहे. पिप सगळ्या इंडेक्समधल्या आवृत्त्या एकत्र करतं आणि त्यातली सर्वांत नवी चालणारी उचलतं. यूव्ही तसं करत नाही. ज्या इंडेक्सवर पॅकेजचं नाव पहिल्यांदा सापडेल तिथेच थांबतं, आणि तुम्ही जोडलेला जादा इंडेक्स पायपीआयच्या, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक इंडेक्सच्या, आधी पाहिला जातो. यामागे कारण आहे. डिसेंबर 2022 मध्ये टॉर्चट्रायटन या नावाचं घातक पॅकेज कोणीतरी पायपीआयवर चढवलं, आणि पायटॉर्च या लायब्ररीच्या नाइटली (रोज बनणाऱ्या कच्च्या) आवृत्त्या पिपने बसवणाऱ्यांच्या मशीनवर पायटॉर्चच्या इंडेक्सवरच्या त्याच नावाच्या खऱ्या पॅकेजऐवजी तेच उतरलं. यूव्हीचा नियम अशा घुसखोरीला अटकाव करतो. नियम उत्तम आहे. पण आमच्या खासगी इंडेक्सवर कोणीतरी, कधीकाळी, काही सार्वजनिक पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्या चढवून ठेवल्या होत्या. पिपच्या राज्यात त्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नव्हतं. यूव्हीला तेवढ्याच दिसल्या.

जिथे किमान आवृत्तीची अट होती तिथे निदान एरर आला. खरा धोका अट नसलेल्या पॅकेजांचा. तिथे एरर नाही, चेतावणी नाही, गुपचूप जुनी आवृत्ती बसते आणि लॉक फाइलमध्ये पक्की होते. म्हणून निघण्याआधी जुन्या एन्व्हायर्नमेंटची 'पिप फ्रीझ' (बसलेल्या पॅकेजांची आवृत्त्यांसह यादी) फाइलमध्ये ठेवा, नंतर नव्याची 'यूव्ही पिप फ्रीझ' घ्या, आणि दोन्ही ओळीओळीने ताडून पाहा. या संपूर्ण लेखातलं एकच वाक्य पाळणार असाल तर हे पाळा.

एररच्या तळाशी यूव्ही स्वतःच एक पर्याय सुचवतं: इंडेक्स स्ट्रॅटेजी 'अनसेफ बेस्ट मॅच' करा. थकलेला माणूस तो कॉपी करतो, सगळं हिरवं होतं आणि चहा प्यायला जातो. करू नका. नावातच 'अनसेफ' लिहिलेलं आहे, आणखी किती स्पष्ट सांगायचं? नीट मार्ग असा: पायप्रोजेक्ट या प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये खासगी इंडेक्सला नाव द्या, त्याला 'एक्स्प्लिसिट' करा (म्हणजे सांगितलेल्या पॅकेजांसाठीच तो पाहिला जाईल), आणि कोणती पॅकेजं तिथून घ्यायची ते 'सोर्सेस'मध्ये एकेक लिहा. मग बाकीचं सगळं पायपीआयवरूनच येतं.

इथे वाटलं, संपलं. नाही. 'सोर्सेस' फक्त तुम्ही थेट मागितलेल्या पॅकेजांना लागू होतं. आमचं एक आतलं पॅकेज दुसऱ्या आतल्या पॅकेजवर अवलंबून, ते तिसऱ्यावर. यूव्ही दुसरं पायपीआयवर शोधायला गेलं आणि हात हलवत परत आलं. ही सगळी साखळी थेट डिपेंडन्सी म्हणून लिहून काढावी लागते. कंटाळवाणं काम आहे, उरका. ऑफिसचा प्रॉक्सी स्वतःचं सर्टिफिकेट मधे घालत असेल तर दुष्काळात तेरावा महिना: मी वापरलेली आवृत्ती सिस्टिमची सर्टिफिकेटं आपणहून पाहत नव्हती, 'नेटिव्ह टीएलएस' चालू करावं लागलं.

घाट उतरल्यावरचा रस्ता बरा आहे, दोनतीन दगड सोडले तर. प्रोजेक्ट कोणत्या पायथनवर चालेल ते सांगणाऱ्या 'रिक्वायर्स पायथन'मध्ये सवयीने 3.8 पासून पुढे असं लिहिलेलं असेल तर ते आधी आवळा. यूव्ही त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पायथनसाठी उत्तर शोधतं, तुमच्या मशीनवरच्या एकासाठी नाही. उदाहरणार्थ, नमपाय या पॅकेजच्या 2.1 आवृत्तीला किमान पायथन 3.10 लागतं. तुम्ही नमपाय 2.1 मागून 3.9 चालेल असं लिहिलं तर लॉक होणारच नाही, तुम्ही स्वतः 3.12 वर बसलेले असलात तरी. नमपायवर अट नसेल तर लॉक फाइलमध्ये त्याच्या दोन आवृत्त्या दिसतील. तो बिघाड नव्हे. 3.8 चा आधार ऑक्टोबर 2024 मध्येच संपला, ते ओझं कशाला वाहायचं?

'यूव्ही सिंक' लॉक फाइलमध्ये नसलेलं सगळं काढून टाकतं. हाताने टाकलेला डीबगर पुढच्या सिंकला गायब होतो. 'यूव्ही रन' मात्र अशी साफसफाई करत नाही, त्यामुळे चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. हवं ते 'यूव्ही अ‍ॅड'ने डेव्ह गटात (फक्त डेव्हलपमेंटला लागणाऱ्या पॅकेजांत) टाका, वाद मिटला.

जुनी रिक्वायरमेंट्स फाइल आणताना 'यूव्ही अ‍ॅड'ला मूळ यादी द्या आणि पक्क्या आवृत्त्यांची फाइल कन्स्ट्रेंट, म्हणजे आवृत्त्यांवरची मर्यादा, म्हणून जोडा. नाहीतर साधन बदलताना सगळ्या आवृत्त्याही एकदम उडी मारतील, आणि काय कशामुळे तुटलं हे कळायला मार्ग उरणार नाही.

सीआयमध्ये (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेत) 'लॉक्ड' हा पर्याय वापरा, म्हणजे लॉक फाइल शिळी असली की बिल्ड पडेल. 'फ्रोझन' ती तपासतच नाही. डॉकरच्या कंटेनरमध्ये बाइटकोड (पायथनने चालवण्याआधी तयार केलेलं कोडचं रूप) कंपाइल करण्याचा पर्याय चालू करा. पिप ते काम इन्स्टॉल करतानाच उरकतं, यूव्ही आपणहून करत नाही, आणि मग प्रत्येक नवा कंटेनर सुरू होताना रखडतो. इन्स्टॉलच्या वेगाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब कधी धरलेला दिसला नाही.

जावं का? जावं, आणि परत येऊ नये. लॉक फाइल चालू लागली त्या दिवशी मी इतका खूश होतो की सगळ्या रेपो एकदम हलवायला निघालो होतो. तसं करू नका. ज्या रेपोत आतलं एकही पॅकेज नाही ती आधी घ्या, आणि खासगी इंडेक्स ज्याच्या ताब्यात आहे त्याला गाठून तिथली सार्वजनिक पॅकेजं काढून टाकायला लावा. आमच्याकडे ती अजून तिथेच आहेत.