दीड तासाची झोप आणि फरकाच्या दोन सीमा

संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात दहा रुग्णांच्या झोपेची आकडेवारी उदाहरणादाखल घेतली आहे. ती मी काल कागदावर उतरवून पुन्हा हाताने सोडवली. त्या रुग्णांना दोन औषधे वेगवेगळ्या वेळी दिली होती. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तासांनी वाढली, दुसऱ्याने २.३३ तासांनी. फरक १.५८ तासांचा. दहाच माणसांवरून काढलेला हा आकडा एकटाच पुढे करणे मला पटत नाही. खरा फरक कुठपासून कुठपर्यंत असू शकेल, हेही सोबत सांगायला हवे.

हे दोन स्वतंत्र गट आहेत असे धरले, तर फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे काढलेला फरक नमुन्यागणिक साधारण किती हलेल याचे माप, ०.८५ येते आणि ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल (अशा रीतीने काढलेल्या शंभरातल्या सुमारे ९५ अंतरालांत खरा फरक सापडतो) उणे ०.२ पासून ३.४ तासांपर्यंत पसरतो. त्यात शून्य येते, म्हणून ‘फरक नाही’ असे लिहून मोकळे होणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. पण त्याच अंतरालात तीन तासही येतात, आणि तेवढी जास्तीची झोप रुग्णाच्या दृष्टीने फार मोठी असते.

गट खरोखर स्वतंत्र असून त्यांच्यातील आकड्यांचा प्रसार (विखुरलेपणा) असमान असेल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. त्यासाठीची कोष्टके सातारा जिल्ह्यातील बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९३८ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात दिली, याचा मला फार अभिमान वाटतो.

इथे मात्र माणसे तीच आहेत. सातव्या रुग्णाची झोप एका औषधाने ३.७ तासांनी वाढली आणि दुसऱ्याने ५.५ तासांनी, पाचव्याची दोन्ही वेळा ०.१ तासाने घटली. माणसामाणसांतली ही तफावत औषधांच्या तुलनेत नुसता अडथळा ठरते, म्हणून प्रत्येकाचा फरक आधी काढायचा आणि मग त्या दहा फरकांची सरासरी घ्यायची. आता प्रमाण त्रुटी ०.३९ वर येते, तिला २.२६ ने (दहा फरकांसाठी कोष्टकातून मिळणाऱ्या गुणकाने) गुणून ते सरासरीतून वजा केले आणि तिच्यात मिळवले की अंतराल ०.७० ते २.४६ तास असा मिळतो. सरासरी तीच राहिली, पण आकडे कसे गोळा केले हे विचारल्याबरोबर अंतराल निम्म्यावर आला.

नवव्या रुग्णाचा फरक एकट्याचाच ४.६ तास आहे. त्याला वगळण्याचे कोणतेही कारण माझ्यापाशी नाही. तरीही त्याच्याविना हिशेब करून पाहिला, तेव्हा वरची सीमा १.७५ पर्यंत उतरली आणि खालची ०.७४ वर, म्हणजे जवळजवळ होती तिथेच राहिली.