बी२ वरचं प्यादं

बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीच्या जोड्या शनिवारी रात्री साडेनऊला मोबाइलवर आल्या. आम्ही मिरजेत माझ्या विद्यार्थिनीच्या मावशीकडे जेवायला बसलो होतो. दुसरा पट, काळे मोहरे, आणि समोर तीच. आमची पोर तिच्याशी आजवर तीनदा खेळली होती आणि तिन्ही वेळा कारो-कान या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या ठरावीक सुरुवातीत, हरली होती.

तेरा वर्षांखालील मुलींची जिल्हा निवड स्पर्धा. पहिल्या दोघी राज्याला जाणार. आमचे पाच फेऱ्यांत चार गुण. बरोबरी उपयोगाची नव्हती, जिंकायलाच हवं होतं.

मी तालुक्याच्या गावी सोळा वर्षं बुद्धिबळ शिकवतोय. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून वर्गात मुली वाढल्या, पण ही त्याआधीची. वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. घरात एकच मोबाइल, तो रात्री आठनंतर तिच्या हातात येतो. समोरच्या मुलीच्या शिक्षकांकडे लॅपटॉपमध्ये लाखो डाव भरलेले. तिला कारो-कानच्या अठराव्या चालीपर्यंत सगळं तोंडपाठ. हल्ली ओपनिंग पाढ्यांसारखी शिकवतात आणि पालकांनाही तेच हवं असतं; घोडा त्या घरात का गेला हे पोराला विचारलं तर ते आपल्याकडे बघत राहतं. पाठांतरात आम्ही तिला गाठू शकत नव्हतो.

मी म्हटलं, "उद्या ए६ खेळ."

तिला वाटलं मी दमलोय.

पटावरच्या घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा. पांढऱ्याच्या ई४ ला काळ्यानं पहिल्याच चालीत कडेचं ए-प्यादं एक घर पुढे सरकवायचं. सेंट जॉर्ज बचाव. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथं युरोपियन सांघिक स्पर्धेत टोनी माइल्स हा डाव जगज्जेत्या कार्पोवविरुद्ध खेळला आणि जिंकला. माइल्स बर्मिंगहॅमचा, म्हणून काही जण याला बर्मिंगहॅम बचावही म्हणतात.

दिसायला वेडगळ, पण आतून साधा आहे. मधली घरं पांढऱ्याला घेऊ द्यायची. आपण बी५ करायचं, उंट बी७ वर आणायचा, तो तिरका थेट ई४ वर बघतो. मग ई६, आणि योग्य वेळी सी५ करून मधल्या प्याद्यांना धक्का. मी तिच्याकडून दोनच गोष्टी घोटून घेतल्या. पहिली: तिसऱ्या चालीला ए४ आलं तर बी५ वाचवायच्या मागं लागायचं नाही, सरळ उंट बी७. पांढऱ्यानं ए-प्यादी आणि हत्ती मारामारी करून बी५ खाल्लं, तर आपला उंट ई४ खातो आणि त्याचं मधलं प्यादं आपल्या कडेच्या प्याद्याच्या बदल्यात जातं. दुसरी: सी५ ला उशीर करायचा नाही. उशीर झाला की पांढरा अंगावर येतो आणि आपले मोहरे मागच्या रांगेत कोंडतात.

मग माइल्सचा डाव मावशीच्या चटईवर मांडला. अठराव्या चालीला काळ्याचा किल्लेकोट झाला, म्हणजे राजा हत्तीच्या आड गेला, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पोरीचे डोळे मिटायला लागले होते. "ओपनिंग झाली, पुढचं नंतर बघू," म्हणून मी पट गुंडाळला.

हॉलमध्ये शिक्षकांना दोरीबाहेर उभं राहावं लागतं. तिथून पट दिसत नाही. दिसते ती पाठ, कान आणि खुर्चीखालचे पाय. माझी पोर अडचणीत असली की डावा पाय उजव्यावर गुंडाळते. आयोजकांनी मोठ्यांच्या टेबलांना बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या होत्या, त्यामुळे निम्मी मुलं गुडघ्यांवर उभी राहून खेळत होती. दरवर्षी सांगतो, दरवर्षी तेच. साठ मिनिटं आणि चालीला तीस सेकंद, एवढा वेळ बारा वर्षांच्या मुलांनी गुडघ्यांवर काढायचा.

ए६ पडलं. समोरच्या मुलीनं आधी पटाकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग हात मांडीवर ठेवले. दुसऱ्या चालीला तिनं नऊ मिनिटं घेतली. माझ्या शेजारचे एक शिक्षक म्हणाले, "पोरीचा बोटचुकीनं हात लागला वाटतं." मी उत्तर दिलं नाही. बाराव्या चालीला आमच्या घड्याळात वीस मिनिटं जास्त होती आणि सी५ वेळेवर झालं होतं. दोन्ही पाय जमिनीवर.

एकोणिसाव्या चालीला पांढऱ्यानं सी१ चा उंट जी५ वर नेला. स्कोअरशीटवरून, म्हणजे तिनं लिहिलेल्या चालींच्या नोंदीवरून, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की हिचा हात वर आला, पटावर थांबला आणि परत मागे गेला. अकरा मिनिटं गेली. डावा पाय हळूहळू उजव्यावर चढला. मग तिनं हत्ती डी८ वर नेला.

एक्केचाळीस चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. आम्ही तिसरे.

बाहेर कडुनिंबाखाली तिनं स्कोअरशीट माझ्यापुढे धरली. "सर, इथं वजिरानं बी२ खाल्लं असतं तर?"

वजीर बी६ वर, समोर बी२ चं प्यादं उघडं. आम्ही मोबाइलवर लावून पाहिलं. चाली तपासणारं इंजिन म्हणालं, खा. पुन्हा लावलं, तेच. वजिराला बाहेर पडायला ए३ मोकळं होतं. पांढऱ्याचा घोडा सी४ वर येऊन त्याला हुसकावू शकत नव्हता, कारण ते घर आमच्या बी५ च्या प्याद्याच्या माऱ्यात होतं. दुसऱ्याच चालीला पुढे गेलेलं ते प्यादं, त्याला ए६ चा आधार. सगळी रचना त्या एका घासासाठी तयार होती.

"मग का नाही खाल्लंस, बाळा?"

"तुम्हीच सांगता ना सर, वजिरानं बी२ कधी खायचं नाही."

सांगतो. सोळा वर्षं सांगतोय. त्या प्याद्यापायी वजीर अडकून हरलेली इतकी मुलं पाहिली आहेत की नवीन मुलाला पहिल्या महिन्यातच हा नियम देतो, आणि तो शंभरदा उपयोगी पडला आहे. शनिवारी रात्री तिच्या हाती एक बेधडक चाल दिली, पण तो नियम तसाच डोक्यात राहू दिला. वडिलांनी एवढंच विचारलं, "नेहमीचं खेळली असती तर जमलं असतं का, सर?" एसटी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

गुरुवारी वर्गात तिनंच माइल्सचा डाव मांडला, अठराव्या चालीपासून पुढे. मी बाकीच्या मुलांच्या वह्या बघत होतो. चोविसाव्या चालीला तिचा हात थांबला. तिथं माइल्सच्या वजिरानं बी६ वरून जाऊन बी२ चं प्यादं खाल्लं आहे. पुढच्या चालीत ई५ चंही.

तिनं वर पाहिलं. "सर, त्या रात्री आपण अजून सहाच चाली बघितल्या असत्या तर."

मी तिच्यासमोर बसलो. सेहेचाळिसाव्या चालीपर्यंतचा उरलेला डाव आम्ही दोघांनी न बोलता खेळून काढला.