वस्तू चांगली होती, तरी खरेदी चुकली

संगीतकारांना ज्या खरेदीची पुढे हळहळ वाटते, त्या खरेदीतल्या वस्तू बहुधा वाईट नसतात. उत्तम बनावटीचा कंडेन्सर माइक, नावाजलेला सिंथेसायझर, जाणकारांनी वाखाणलेले सॉफ्टवेअर यांच्याविषयीच ‘हे घ्यायला नको होते’ असे उद्गार मी सर्वाधिक ऐकत आले आहे. निकृष्ट वस्तूचे दुःख माणूस लवकर विसरतो. चांगली वस्तू मात्र कोपऱ्यात धूळ खात पडली, की येता-जाता टोचत राहते. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगच्या कामात राहून माझे असे मत झाले आहे की प्रत्येक साधन कशाच्या तरी आधारावर उभे असते. तो आधार कधी खोलीचा असतो, कधी संगणकाचा, कधी एखाद्या कंपनीच्या धोरणाचा, तर कधी वापरणाऱ्याच्या मोकळ्या वेळाचा. आणि खरेदी करताना आपण साधन बारकाईने पारखतो, पण त्याचा आधार आपल्याकडे आहे का, हे पाहायचे राहून जाते.

याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण मोठ्या पडद्याच्या कंडेन्सर माइकचे आहे. घरी गाणे रेकॉर्ड करू इच्छिणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला माइक म्हणून हाच निवडतो, कारण व्यावसायिक स्टुडिओंच्या छायाचित्रांत तोच दिसतो. त्याचा पातळ पडदा आणि ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच मिळणाऱ्या विजेवर, चालणारे त्याचे अंतर्गत सर्किट यांमुळे तो अतिशय संवेदनशील असतो, आणि नेमकी हीच संवेदनशीलता उघड्या भिंतींच्या खोलीत त्रासाची ठरते. गळ्यातून निघालेला आवाज भिंती, छत आणि खिडकीची काच यांवर आपटून परत येतो आणि माइक तोही तितक्याच प्रामाणिकपणे टिपतो. माइकचा ग्रहणपट्टा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे टिपणारा, असल्यामुळे मागचा आवाज कमी येतो हे खरे. पण परावर्तित आवाज गायकाच्या मागच्या भिंतीवरून, म्हणजे माइकच्या थेट समोरूनही येत असतो आणि तिथे कार्डिऑइडचा काही उपयोग होत नाही. मिक्सिंग करताना तो घुमारा काढून टाकणे हे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी यश देणारे काम आहे.

मग यावर उपाय म्हणून काही जण कमी संवेदनशील अशा डायनॅमिक माइककडे वळतात आणि त्यांतले बरेच जण शूर कंपनीचा एसएम७बी घेतात. मूळ एसएम७ हा १९७३ चा आणि एसएम७बी २००१ चा. माइक उत्तमच आहे, परंतु त्याचा संकेत इतका क्षीण असतो की तो वाढवणाऱ्या सर्किटकडून, म्हणजे प्रीअ‍ॅम्पकडून सुमारे ६० डेसिबल वाढ मिळाली तरच तो नीट काम देतो. माइक संगणकाला जोडणाऱ्या छोट्या ऑडिओ इंटरफेसमधले अनेक प्रीअ‍ॅम्प या टोकाला पोहोचेपर्यंत स्वतःचीच खरखर ऐकवू लागतात, आणि मग माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये लावण्यासाठी आणखी एक बूस्टर विकत घेणे आले. कंपनीने २०२३ मध्ये अंगभूत प्रीअ‍ॅम्प असलेली एसएम७डीबी ही आवृत्ती काढली, यावरून ही अडचण किती जणांना आली असेल याचा अंदाज येतो.

खोलीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे अधिक बोलणे मला आवश्यक वाटते, कारण पैसे वाया जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण असूनही त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भिंतींवर चिकटवायचे पातळ फोमचे तुकडे पुष्कळ लोक घेतात. ते लावल्यावर टाळी वाजवून पाहिली तर खोली शांत झाल्यासारखी वाटते, त्यामुळे समाधानही होते. प्रत्यक्षात त्या फोमने फक्त वरच्या पट्टीचे ध्वनी शोषलेले असतात. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, आणि सच्छिद्र पदार्थाला एखादा ध्वनी पुरेपूर शोषायचा असेल तर पदार्थाची जाडी आणि त्याच्या मागची हवेची पोकळी मिळून तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असावी लागते. अडीच सेंटिमीटरचा फोम या हिशेबात कुठेच बसत नाही. परिणामी चकाकणारे ध्वनी नाहीसे होतात, खालचे जसेच्या तसे राहतात आणि खोली पूर्वीपेक्षा अधिक कोंदट वाटू लागते.

अशाच खोलीत आठ इंची वूफरचे, म्हणजे खालचे स्वर जोरात देणारे, मॉनिटर स्पीकर आणून ठेवले, की दुसरी हळहळ सुरू होते. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४९ हर्ट्झवर लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद तयार होतो. त्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला तोच स्वर अंगावर येतो. अशा जागी बसून बेसचे प्रमाण ठरवणारा माणूस कितीही तयार कानाचा असला तरी त्याचा निर्णय चुकणारच, आणि मग दोष स्पीकरच्या माथी मारून त्याहून मोठ्या स्पीकरची चौकशी सुरू होते. माझे यावरचे मत ठाम आहे: रॉकवूलचे (दगडापासून बनवलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) किमान दहा सेंटिमीटर जाडीचे पॅनेल भिंतीपासून थोडे अंतर सोडून आणि विशेषतः खोलीच्या कोपऱ्यांत लावावेत, आणि ते होईपर्यंत स्पीकर बदलण्याचा विचारही करू नये. पॅनेल दिसायला बोजड असतात, त्यांची जाहिरात कोणी उत्साहाने करत नाही, आणि म्हणूनच ते खरेदीच्या यादीत शेवटी जातात.

गिटारवादकांची हळहळ बहुतेक वेळा वॉटशी निगडित असते. शंभर वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर पन्नास वॉटवाल्याच्या दुप्पट जोराने वाजेल अशी समजूत असते. वास्तविक शक्ती दुप्पट झाली की ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. त्यामुळे पन्नास काय आणि शंभर काय, दोन्ही घरात सारखेच असह्य. ज्या भरदार, किंचित फाटलेल्या आवाजासाठी हे अ‍ॅम्प प्रसिद्ध आहेत तो पॉवर विभागातले व्हॉल्व्ह भारावर आल्यावरच निघतो, आणि घरात आवाजाची खुंटी तिथवर कधीच नेता येत नाही. फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज असलेली गिटार नवशिक्याने घेतली तर त्याचीही अशीच दमछाक होते. तारांचा एकत्रित ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या समतोलावर तो ब्रिज उभा असल्यामुळे एक तार उतरवली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, आणि वाजवण्याचा वेळ तारा लावण्यात जातो.

१९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटसाठी (ध्वनी सेकंदाला किती वेळा मोजला जातो त्या दरासाठी) महागडा इंटरफेस घेणाऱ्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ४४.१ किलोहर्ट्झवर २२,०५० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी टिपता येतो आणि माणसाची श्रवणमर्यादा २०,००० च्या आसपास संपते. १९२ वर फाइल मात्र चौपटीहून मोठी होते. ध्वनी पुष्कळ संथ करून त्यातून नवे आवाज घडवणाऱ्यांना याचा उपयोग होतो, इतरांना सहसा नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा आधाराचा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण तिथला आधार दुसऱ्याच्या हातात असतो. ऑपकोड कंपनीचे स्टुडिओ व्हिजन हे आपल्या काळातले अग्रगण्य सिक्वेन्सर, म्हणजे संगीत नोंदवून रचण्याचे सॉफ्टवेअर, होते. १९९८ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनने ती कंपनी घेतली आणि थोड्याच काळात त्याचा विकास थांबला. जुलै २००२ मध्ये अ‍ॅपलने लॉजिक हे संगीताचे सॉफ्टवेअर बनवणारी इमॅजिक ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद झाली. ज्यांनी वर्षानुवर्षांचे काम तिच्यावर केले होते, त्यांच्यापुढे नवा संगणक घेणे किंवा नवे सॉफ्टवेअर शिकणे एवढेच पर्याय राहिले. केकवॉकने २०१६ मध्ये सोनार या सॉफ्टवेअरची आजीवन अद्ययावत आवृत्ती देऊ केली होती आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने, जी तेव्हा तिची मालक होती, केकवॉकचे कामच थांबवले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतले आणि काही काळ मोफतही दिले, तेव्हा आजीवन योजनेसाठी पैसे भरणाऱ्यांना काय वाटले असेल हे मला चांगलेच समजू शकते.

कंपनी टिकून असली तरी प्रश्न संपत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणे बंद केले आणि अद्ययावत न झालेले असंख्य प्लगिन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, एका रात्रीत निरुपयोगी झाले. फायरवायर या जुन्या जोडणीवर चालणारे ऑडिओ इंटरफेस आतून ठणठणीत असूनही अडगळीत गेले, कारण नव्या संगणकांवर ते जोडायला जागाच उरली नाही. स्टाइनबर्ग कंपनीचे, सॉफ्टवेअरचा परवाना साठवणारे यूएसबी डोंगल ज्या सेवेवर अवलंबून होते ती सेवा मे २०२५ मध्ये बंद करण्यात आली. जुन्या आवृत्तीचा परवाना ज्या डोंगलवर आहे तो शाबूत असेपर्यंत काम चालते, पण तो मोडला किंवा हरवला तर त्या आवृत्तीचा परवाना पुन्हा मिळवायला दार उरलेले नाही. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या कंपनीने प्लगिनचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद करून केवळ वर्गणी पद्धत आणल्याचे जाहीर केले आणि संगीतकारांच्या तीव्र नाराजीनंतर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. निर्णय बदलला हे चांगलेच झाले. तथापि आपण विकत घेतले असे ज्याला म्हणतो त्याच्या अटी एका घोषणेने बदलू शकतात, हे त्या आठवड्यात पुष्कळांना प्रथमच जाणवले. माझ्या ओळखीचे काही जण तेव्हापासून प्रत्येक प्रकल्प पूर्ण झाला की सगळे ट्रॅक प्लगिनच्या परिणामासह साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवतात, आणि ही सवय मी सर्वांना आवर्जून सांगते.

राहिला वेळेचा आधार. यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम संश्लेषणावर (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या बदलून आवाज घडवण्याच्या पद्धतीवर) तो आधारलेला होता, आणि सहा ऑपरेटर (लहरी निर्माण करणारे घटक), त्यांच्या जोडणीचे ३२ प्रकार, एक छोटा पडदा आणि सपाट बटणे एवढ्या सामग्रीतून स्वतःचा आवाज घडवणे इतके किचकट होते की बहुसंख्य वादक कारखान्यातून आलेल्या आवाजांवरच थांबले. आजच्या सॅम्पल लायब्ररींचे (ध्वनिमुद्रित आवाजांच्या संग्रहांचे) आणि सवलतीत मिळणाऱ्या प्लगिनच्या गठ्ठ्यांचे तेच होते. दहा कंप्रेसर (आवाजाची चढउतार आटोक्यात ठेवणारी साधने) जवळ असलेल्या माणसाला त्यांतल्या एकाचाही अ‍ॅटॅक आणि रिलीज (म्हणजे पकड घेण्याचा आणि सोडण्याचा वेग) कानाने ओळखता येत नाही, ही स्थिती मी अनेकदा पाहिली आहे आणि ती पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या माणसाकडे कान असतो, चिकाटी असते, फक्त एका साधनाजवळ पुरेसे थांबणे झालेले नसते. सुटे भाग तारांनी जोडून बनवायच्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये ही मागणी सर्वांत जास्त: वाद्यनिर्माते डोएप्फर यांनी १९९० च्या दशकात युरोरॅकची, म्हणजे सुट्या मॉड्यूलच्या ठरावीक मापांची, पद्धत रूढ केल्यापासून एकेक मॉड्यूल घेत जाणे सोपे झाले, पण पेटी, वीजपुरवठा आणि तारा यांचा खर्च सुरुवातीला कोणी धरत नाही आणि तारांनी जुळवलेला आवाज जतन करून ठेवण्याची सोयही तिथे सहसा नसते. ज्यांना त्या क्षणिकतेतच आनंद आहे त्यांच्यासाठी ते अद्भुत साधन आहे. ज्यांना ठरलेल्या तारखेला काम पूर्ण करून द्यायचे असते ते लवकर थकतात.

यंत्र निदान विकता तरी येते. सॉफ्टवेअरचे परवाने काही कंपन्या दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही त्यासाठी शुल्क घेतात, आणि अनेक सॅम्पल लायब्ररींच्या करारात हस्तांतरणाला सरळ मनाई असते. ते कलम पैसे भरण्यापूर्वी वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. अर्थात विकण्याचीही हळहळ असते. डीएक्स७ आल्यावर अनेकांनी आपले जुने मिनीमूग सिंथेसायझर मिळेल त्या किमतीला काढून टाकले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेला रोलंडचा टीबी-३०३ हा १९८१ ते १९८४ एवढाच काळ तयार झाला, त्या कामात तो कोणालाच पटला नाही, आणि जुन्या मालाच्या दुकानांतून तो शिकागोच्या तरुणांच्या हाती अगदी स्वस्तात पडला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी त्याच्या फिल्टरच्या खुंट्या वाजता वाजता फिरवून अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा केला. या यंत्रांवर मिडी (वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडणारी संकेतपद्धत) नव्हते, म्हणून १९८३ नंतर ती कालबाह्य ठरवली गेली, पण मिडीचे संदेश अशा जुन्या यंत्रांना समजणाऱ्या संकेतांत बदलणारी छोटी उपकरणे पुढे सहज मिळू लागली आणि तीच यंत्रे नव्या संगणकांबरोबर वाजू लागली, तोपर्यंत ती विकणाऱ्यांना परत घेणे परवडण्याजोगे राहिले नव्हते.