द्रासचा बर्फ, खानापूरचं भात

आमच्या दादाच्या मोबाईलवर दोन गावांचं हवामान असतं. एक आमचं खानापूर, दुसरं लडाखातलं द्रास. पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत, यंदा तिकडं वर आहे.

ऑक्टोबर लागला की दादा चहाच्या आधी द्रास बघतो. 'पश्चिमी झंझावात' हा शब्द त्याच्या तोंडात आता 'वळीव'इतका रुळलाय. भूमध्य समुद्राकडून निघायचं, इराण-अफगाणिस्तान ओलांडत काही दिवसांनी हिमालयावर येऊन थडकायचं, असा या पाऊस-बर्फ आणणाऱ्या झंझावाताचा प्रवास. एवढं लांबून येणारं बिऱ्हाड उपग्रहाला दिसल्याशिवाय कसं राहील? म्हणून द्रासजवळच्या, ३,५०० मीटरवरच्या झोजिला घाटात बर्फ येणार हे खानापुरात बसलेल्या माणसाला तीन-चार दिवस आधी कळतं.

किती येणार, तिथं मात्र घोडं अडतं. ऑक्टोबरात हवा अजून पुरती गारठलेली नसते. पारा एक-दोन अंशांनी चढा राहिला तर बर्फाच्या जागी नुसता पाऊस. गारठली, तर १ सेंटीमीटर पाण्याचा साधारण १० सेंटीमीटर बर्फ होतो; थंडी कोरडी असली तर आणखी फुगतो. म्हणजे दोन अंशांत सगळा हिशेब उलटा.

आणि आमचं भात? ते कापून शिवारात वाळत पडलेलं. परतीचा ढग दुपारी जमतो, तासाभरात मोकळा होतो. नंदगडात धो धो, खानापुरात धूळ. त्याचा पत्ता सकाळी कोण सांगणार?

मी एकदा दादाला म्हटलं, आपल्याही या गडगडाटी पावसाचे बरेचसे थेंब वर बर्फच असतात. पाचेक किलोमीटरच्या वर पारा शून्याखाली, खाली येता येता वितळतात.

"मग वरच ऱ्हाऊ दे की त्यास्नी!" दादा म्हणाला.

परवा मोबाईलवर द्रासला बर्फ, खानापूरला ऊन होतं. दादा दिवसभर द्रासच्या काळजीत. चारला इकडंच गडगडलं. ताडपत्री घेऊन आम्ही दोघं बांधावरून पळालो. माझी एक चप्पल चिखलात राहिली, ती अजून तिथंच आहे.

रात्री पोराचा फोन आला. "बर्फ पडला बाबा, पण वीतभर बी नाही. भात भिजलं काय?"

"कडंचं तेवढं," दादा म्हणाला, आणि फोन वहिनीकडं दिला.