व्हिएन्नात जाऊन रुमाल टाकला

व्हिएन्नाला जायचं ठरलं शुक्रवारी संध्याकाळी आणि निघालो शुक्रवारी रात्री. मी म्युनिकला मास्टर्स करतोय, असाइनमेंट एकदाची सबमिट झाली होती, रूममेट म्हणाला रात्रीची बस स्वस्त आहे, चल. ती स्वस्त का होती ते बसल्यावर कळलं, सीट मागे जात नव्हती आणि टॉयलेटचं दार पूर्ण लागत नव्हतं, आणि आमची सीट नेमकी त्या दारासमोर. जाऊ दे.

शनिवार सकाळ शोनब्रुन राजवाड्यात गेली. १४४१ खोल्या आहेत म्हणे, त्यातल्या साधारण ४० दाखवतात. आम्ही एकही बघितली नाही, बाग फुकट आहे म्हणून बाग बघितली. एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, तिथलं नळाचं पाणी. आल्प्सच्या झऱ्यांवरून पाइपलाइननं येतं, १८७३ पासून. आमच्या बार्शीत नळाला पाणी कधी येणार हे विचारत मोठा झालेला माणूस मी, त्यामुळे बाटली तीनतीनदा भरून घेतली, तहान नसताना.

दुपारनंतर रूममेट हॉस्टेलवर जाऊन झोपला. तो हैदराबादचा, ऑपेरा म्हटल्यावर त्यानं सरळ हात जोडले. मलाही ऑपेरातलं काही कळत नाही, पण श्टाट्सओपर म्हणजे तिथल्या सरकारी ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं एका साध्या जेवणाच्या पैशात मिळतात असं ऐकलं होतं, आणि स्वस्त म्हटलं की आपण जातोच.

बिल्डिंग बाहेरून बघताना रांगेतल्या एका मुलानं तिची गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. बांधकाम चालू असताना समोरचा रिंग रस्ता मीटरभर उंच झाला आणि इमारत खाली गेल्यासारखी दिसायला लागली. लोकांनी नावं ठेवली, बुडालेली पेटी म्हणाले. दोन आर्किटेक्ट होते, फान डेर न्युल आणि सिकार्ड्सबुर्ग. पहिल्यानं १८६८ मध्ये गळफास घेतला, दुसरा काही आठवड्यांत गेला. थिएटर उघडलं मे १८६९ मध्ये, दोघांनीही बघितलं नाही. आणि आता आम्ही सगळे तिच्यासमोर सेल्फी काढत होतो.

तिकीट मिळालं, सॅक गार्डरोबमध्ये जमा केली, आत सोडलं. उकाडा होता म्हणून माझ्या गळ्यात आईनं दिलेला सोलापुरी नॅपकिन, लाल चौकडीचा. उभं राहायची जागा म्हणजे मागं पायऱ्यापायऱ्यांवर कठडे आणि प्रत्येकाच्या समोर भाषांतराचा छोटासा स्क्रीन. मी आपला शोधतोय नंबर कुठाय, तर नंबरच नाही. आणि बघतो तर काय, माझ्या पुढचे लोक पटापट गळ्यातले स्कार्फ काढून कठड्याला गाठ मारतायत आणि खुशाल बाहेर कॉफी प्यायला निघालेत!

मला तिथंच हसू फुटलं. अहो हे तर आमचं बार्शी स्टँड! पुण्याची गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला लागेल ते आत. दिवाळीच्या गर्दीत पप्पांनी एकदा मलाच खिडकीतून आत सरकवलं होतं, मी चार वर्षांचा, दोन सीटवर आडवा पडून जागा धरलेली. फरक एवढाच की आमच्याकडं रुमालावरून भांडण ठरलेलं, ‘रुमालाचं तिकीट काढलंय का?’ असं विचारून लोक रुमाल उचलून खुशाल बसतात.

मी नॅपकिन बांधला. शेजारी सत्तरीच्या एक आजी, पायात सपाट बूट, कठड्याला रेशमी स्कार्फ. त्यांनी माझ्या नॅपकिनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गाठ सोडून पुन्हा नीट घट्ट बांधून दिली. मग मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, आता जा, काहीतरी खाऊन ये. मी म्हटलं नको, इथंच थांबतो. त्या म्हणाल्या, का? आता एसटी यांना कशी समजावणार. खरं सांगतो, पहिल्या इंटरव्हलपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता, सगळे पाय मोकळे करायला गेले आणि मी नॅपकिनची राखण करत उभा, दोन्ही पायांत गोळे आलेले. आजी सँडविच खाऊन परत आल्या तरी मी तिथंच. त्या इतक्या हसल्या की पुढचे दोघं वळून बघायला लागले. कॉलेजात असल्यापासून इथं उभ्या राहतात म्हणे, खुर्चीवर बसून ऐकलं की झोप येते.

त्या दिवशी ‘टोस्का’ होतं, पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचं. हेच नेपथ्य म्हणे १९५८ पासून चालू आहे. सुरुवातीला मी स्क्रीनच वाचत होतो, दुसऱ्या अंकात टोस्का झालेली बाई एकटी गायला लागली तेव्हा वाचायचं विसरलो. माइक नाही, खाली एवढा मोठा वाद्यवृंद, आणि आवाज सगळ्यात मागं उभ्या असलेल्या आमच्यापर्यंत स्वच्छ. अंगावर काटा आला, म्हणजे खरंच आला. टाळ्या थांबेनात आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा आमच्या उभ्या लोकांचा. मी तोंडातल्या तोंडात वन्समोअर म्हणून घेतलं.

दुसऱ्या इंटरव्हलला मात्र नॅपकिन सोडून बाहेर गेलो, धाडस करून. पाच मिनिटांत परत आलो. होता.

रविवारी पायांची वाट लागलेली. सेंट स्टीफन चर्चच्या टॉवरला ३४३ पायऱ्या आहेत, मी खालून नमस्कार केला आणि रूममेटला वर पाठवला. दुकानं बंद, म्हणून बाकावर बसून घरी फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं. पप्पा आधी गप्प, मग म्हणाले, ‘आणि कुणीच उचलून टाकला नाही?’ नाही म्हटलं. ‘मग गर्दी कमी असंल.’

तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला. ‘कुठला बांधलास? तो कोपऱ्याला फाटलेला तर नाही ना?’

तोच होता.